‘काय करून राहिला?’ : मराठी बोली आणि हसण्याचा इतिहास

(व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे दोन प्रश्न आणि त्यांची उत्तरे दिली आहेत.)

आजचा विषय तसा हलकाफुलका वाटेल. एकमेकांच्या बोलीला आपण मराठी माणसं हसतो, त्याबद्दल बोलायचं आहे. पण हसण्यालाही इतिहास असतो. तो कधी सुरू झाला, कुणी कुणाला हसायचं हे कसं ठरलं आणि त्याची किंमत कुणी दिली, हे आज पाहू.

सुरुवात स्वतःपासून करतो. मी अकोला जिल्ह्यातल्या एका खेड्यातला. कॉलेजसाठी पुण्याला आलो, तेव्हा १९८४ साल होतं. वसतिगृहाच्या मेसमध्ये पहिल्याच आठवड्यात मी वाढणाऱ्या मावशींना विचारलं, “भाजीत सांबार नाही टाकला का?” टेबलावरची सगळी मुलं माझ्याकडे बघायला लागली. एकानं अगदी गंभीर चेहऱ्यानं विचारलं, “तुमच्याकडे फ्लॉवरच्या भाजीत सांबार घालतात?” (हशा) इथे विदर्भातली मंडळी असतील, त्यांना कळलं. आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. इडलीबरोबरचं सांबार मी तोपर्यंत पाहिलंही नव्हतं. पुढची तीन वर्षं माझं नाव ‘सांबार’ होतं.

आता गंमत बघा. संस्कृतात ‘संभार’ म्हणजे जमवलेलं साहित्य, सामग्री. गुजरातीत लोणच्याच्या मसाल्याला आजही ‘संभार’ म्हणतात. म्हणजे स्वयंपाकाला चव आणणाऱ्या जिनसांशी या शब्दाचं नातं जुनं आहे. आणि जी मुलं मला हसत होती, ती ज्याला ‘बटाटा’ म्हणत होती तो शब्द पोर्तुगीज. आम्ही ‘आलू’ म्हणायचो, त्याचंही हसू व्हायचं. बटाटा शुद्ध आणि आलू गावठी, हे कुणी ठरवलं? बटाटा, पगार, चावी, पाव, हापूस हे सगळे पोर्तुगीजांच्या जहाजातून उतरलेले पाहुणे. ते पश्चिम किनाऱ्यावर उतरले, तिथून मुंबई-पुण्यात रुळले आणि मग पुस्तकात गेले. पुस्तकात गेल्यावर ते ‘मराठी’ झाले. जे शब्द पुस्तकाच्या वाटेवर नव्हते, ते ‘बोलीतले’ राहिले.

बाराशे वर्षांपूर्वीची बाजारपेठ

बोलण्यावरून माणूस ओळखायचा हा खेळ फार जुना आहे. राजस्थानात जालोर इथे उद्योतनसूरी नावाच्या जैन आचार्यांनी शके ७०० मध्ये, म्हणजे इ.स. ७७९ मध्ये, ‘कुवलयमाला’ नावाचा प्राकृत ग्रंथ पूर्ण केला. त्यात एका नगरीच्या बाजारपेठेचं वर्णन आहे. कथेचा नायक बाजारातून चाललाय आणि देशोदेशींचे व्यापारी त्याच्या कानावर पडताहेत. प्रत्येकाचं रंगरूप, स्वभाव आणि त्याच्या तोंडचे एक-दोन ठेवणीतले शब्द, एवढ्यात ग्रंथकार त्या त्या प्रदेशाचा माणूस उभा करतो.

त्यात मरहट्टा, म्हणजे आपला माणूस आहे. कसा आहे? अंगानं घट्ट, ठेंगणा, सावळा, सोशीक, अभिमानी आणि भांडखोर. (हशा) हसताय, पण भांडखोरपणा बाराशे वर्षं टिकवणं सोपं नाही! आणि तो बोलतो काय? ‘दिलं’ आणि ‘घेतलं’ अशा अर्थाचे दोन शब्द. दोन्ही ‘ल’कारान्त. बाहेरच्या माणसाच्या कानाला आपल्या भाषेतलं नेमकं काय टोचलं, तर भूतकाळातला हा ‘ल’. आला, गेला, दिला, घेतला. आजही हिंदी माणूस मराठीची नक्कल करतो तेव्हा शेवटी ‘ला’ जोडतो की नाही?

म्हणजे पद्धत तीच आहे. एक शब्द पकडायचा आणि अख्खा माणूस त्यात बसवायचा. ‘करून राहिलो’ म्हटलं की नागपूर, ‘लई भारी’ म्हटलं की कोल्हापूर, ‘खंय’ म्हटलं की मालवण. पण एक फरक ध्यानात घ्या. त्या बाजारात सगळे परके होते, कुणाचीच बोली ‘प्रमाण’ नव्हती. गुर्जर, मालव, कर्नाटकी, आंध्र, मरहट्टा, सगळ्यांचीच गंमत. आजचं हसणं तसं नाही. आज हसणारा एका बाजूला उभा आहे आणि ज्याला हसायचं तो दुसऱ्या. ही बाजू कशी तयार झाली, हा आपला खरा प्रश्न.

पहिली मराठी कुठली?

मराठीचे जुने मुक्काम नकाशावर ठेवून बघा. अक्षीचा शिलालेख इ.स. १०१२ चा, तो कोकणात अलिबागजवळ. मुकुंदराजांचा ‘विवेकसिंधु’ ११८८ चा, त्यांचं नाव जोडलं जातं ते मराठवाड्यातल्या अंबाजोगाईशी. ‘लीळाचरित्र’, मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी तयार केला तो वऱ्हाडात, अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला. ‘ज्ञानेश्वरी’ १२९० ची, नेवाशाची. यात पुणं कुठे आहे? कुठेच नाही. पुण्याला नावं ठेवायला मी हे सांगत नाही, मी तिथेच शिकलो आणि माझं तिथे चांगलं झालं. पण मराठीचा उगम एका गावात आणि बाकी सगळ्या तिच्या बिघडलेल्या लेकी, असं जे चित्र आपल्या डोक्यात बसलंय, ते इतिहासात नाही.

महानुभावांची गोष्ट तर या विषयाच्या अगदी जवळची. चक्रधरस्वामी स्वतः गुजरातेतून आलेले, पण त्यांनी उपदेश केला तो मराठीत. त्यांच्यानंतर पंथाचं आचार्यपद नागदेवाचार्यांकडे आलं. पंथात संस्कृत जाणणारे मोठे पंडित होते, त्यांनी संस्कृतातून प्रश्न विचारला तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना बजावलं की स्वामींनी आम्हाला मराठीत सांगितलं, तुम्हीही मराठीतच विचारा. म्हणजे त्या काळी संस्कृतापुढे अख्खी मराठीच ‘गावठी’ होती. तिच्या बाजूनं उभी राहिलेली माणसं वऱ्हाडात, गोदाकाठी होती. आणि सातशे वर्षांनी त्याच वऱ्हाडातला मुलगा मराठीत बोलला म्हणून पुण्यात हसू होतं.

उच्चारांचंही तसंच आहे. ‘पानी’ म्हणणाऱ्याला अशिक्षित समजतात. ‘पाणी’ शुद्ध. मूळ संस्कृत शब्द ‘पानीय’, त्यात ‘न’ आहे. महाराष्ट्री प्राकृतानं त्याचा ‘ण’ केला. म्हणजे संस्कृताच्या मापानं मोजायचं तर ‘पाणी’ हाच बिघाड! मी असं म्हणत नाही की ‘पानी’ म्हणणाऱ्यानं संस्कृत जपून ठेवलंय. तो बदल नंतरचा, वेगळा आहे. मुद्दा एवढाच की दोन्ही बदलच आहेत. एक बदल पुस्तकात शिरला, दुसरा शिरला नाही.

आणखी एक उदाहरण. कोकणी माणूस नाकात बोलतो म्हणून आपण हसतो. ‘खंय’, ‘थंय’, ‘इलंय’. तुमच्या घरात आजोबांच्या काळातलं एखादं पुस्तक असेल तर काढून बघा. ‘घरांत’, ‘कां’, ‘नांव’, ‘मुलें’. सगळीकडे अनुस्वार. हे अनुस्वार सुशोभनासाठी नव्हते. कधीकाळी मराठी बोलणारे तिथे खरोखर नाकात बोलत होते. देशावर तो उच्चार गेला, लिखाणात मात्र राहिला. पोरांना ते पाठ करावे लागायचे आणि चुकले की छडी बसायची. शेवटी १९६२ साली शासनानं मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम मान्य केले आणि न उच्चारले जाणारे हे अनुस्वार काढून टाकले. म्हणजे १९६२ पर्यंत जो उच्चार पुणेकर नुसता लिहीत होता, तसला उच्चार कोकणी माणूस जिवंत करत होता. आणि हसत कोण होतं?

बाजू कशी ठरली

पेशवाईपासून बघू. बाळाजी विश्वनाथ भट मूळचे श्रीवर्धनचे. १७१३ साली त्यांना पेशवेपद मिळालं आणि त्यांच्यामागून कोकणातली चित्पावन घराणी घाटावर यायला लागली. या लोकांची घरात बोलायची भाषा कोणती होती? चित्पावनी. मुलाला ‘बोड्यो’, मुलीला ‘चेडी’ म्हणणारी, खास नाकातल्या उच्चारांची बोली. कोकणात, गोव्यात आणि दक्षिण कर्नाटकात काही घरांत ती अजून ऐकू येते. पुण्यात मात्र ती राहिली नाही. ज्या समाजाच्या बोलण्यावरून पुढे ‘शुद्ध मराठी’ ओळखली जाऊ लागली, त्या समाजानं आधी स्वतःच्या घरची बोली खाली ठेवली होती. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. प्रमाण भाषा कुणाच्याच आईची नसते. काहींना ती लवकर शिकायला मिळते, एवढंच.

मग इंग्रज आले. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला, मोठी दुसरी आवृत्ती १८५७ ची. या कोशाला मी अजिबात दोष देणार नाही. तो उघडून बघा, त्यात कोकणातले शब्द आहेत, देशावरचे आहेत, कुणब्यांच्या तोंडचे आहेत. कोशाला सगळं चालतं. पण शाळेच्या पुस्तकाला आणि छापखान्याला सगळं चालत नाही, त्याला एकच रूप लागतं. दादोबा पांडुरंगांचं व्याकरण १८३६ साली आलं. सरकारी शालेय पुस्तकांवरून मेजर थॉमस कँडी यांचा हात कित्येक वर्षं फिरत होता. आज आपण लिहिताना जो स्वल्पविराम आणि पूर्णविराम देतो, तो मराठीत रुजवण्याचं श्रेयही त्यांनाच देतात. साहेबाच्या हाताखाली काम करणारे शास्त्री-पंडित एका ठरावीक वर्गातले होते, आणि त्यांच्या कानाला जे बरोबर वाटलं ते छापलं गेलं. यात कुणी कट केला असं मला वाटत नाही. पण एकदा ते छापलं गेलं, परीक्षेत आलं, परीक्षेवर नोकरी ठरायला लागली, की बोलण्याला पैशाची किंमत आली. तिथून हसणं बदललं.

याचा पहिला मोठा दाखला पुण्यातच आहे. जोतीराव फुले पुण्याचे. जन्म, शाळा, काम, सगळं पुण्यात. त्यांच्या १८५५ च्या ‘तृतीय रत्न’ नाटकात कुणबी नवरा-बायको बोलतात ते घरात बोलावं तसं. १८७४ ला विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ सुरू झाली आणि तिच्यात फुल्यांच्या लेखनाची त्यांच्या भाषेवरून, व्याकरणावरून खिल्ली उडवली गेली. फुले काय म्हणत होते? शेतकऱ्याची लूट होते, शिक्षण सगळ्यांना मिळत नाही. त्याला उत्तर देणं अवघड होतं. व्याकरणाची चूक काढणं सोपं होतं. हसण्याचा हा उपयोग लक्षात ठेवा. माणूस जे सांगतोय ते ऐकायचं नसेल, तर तो कसं बोलतोय यावर बोट ठेवायचं.

आणि हेही बघा, फुले पुणेकरच होते. त्यामुळे ‘पुण्याची मराठी’ ही गोष्टसुद्धा तितकी खरी नाही. एका शहरात, चार पेठांच्या अंतरात, दोन मराठी होत्या. त्यातली एक पुण्याच्या नावावर खपली.

तीन राज्यांची माणसं एका खोलीत

आता विसाव्या शतकाकडे येतो. १ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झालं, तेव्हा त्यात कोण कोण एकत्र आलं?

विदर्भ. वऱ्हाड निजामाचं, ते १८५३ साली इंग्रजांच्या ताब्यात गेलं आणि १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडलं. नागपूर ही त्या मध्य प्रांताची राजधानी. शेजारी जबलपूर, रायपूर. कचेरीत हिंदी, बाजारात हिंदी. शे-दीडशे वर्षं हिंदीच्या शेजारी राहिल्यावर ‘कर रहा हूँ’च्या साच्यात ‘करून राहिलो’ झालं नसतं तरच नवल. पुण्याच्या कानाला ‘जेवून राहिलो’ म्हणजे ‘जेवलो आणि मग तिथंच मुक्काम केला’ असं ऐकू येतं, म्हणून हसू येतं. (हशा)

मराठवाडा. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू. मराठी घरात, देवळात, कीर्तनात, पण परीक्षेत नाही. तिथला माणूस ‘मी जायलो’, ‘तू काय करायलास’ म्हणतो. पुणेकर विचारतो, “काय करायला? कशासाठी?” कारण त्याच्याकडे ‘करायला’ म्हणजे करण्यासाठी.

आणि पश्चिम महाराष्ट्र, कोकण, खानदेश, मुंबई इलाख्यातले. त्यातही कोल्हापूर हे वेगळं संस्थान.

खरं तर इथे प्रत्येकानं एकच काम आपापल्या परीनं केलंय. ‘आत्ता या क्षणी मी करतो आहे’ हे सांगायला नागपूरनं ‘करून राहिलो’ काढलं, नांदेडनं ‘करायलो’, मालवणनं ‘करतंय’, आणि पुण्यानं ‘करतो आहे’ आवळून ‘करतोय’ केलं. चौघांनीही गरज भागवली. फक्त ‘करतोय’ रेडिओवर गेलं.

साठ सालापर्यंत ही माणसं एकमेकांचं बोलणं फारसं ऐकतच नव्हती. अकोल्याचा वकील नागपूरला जायचा, औरंगाबादचा मुलगा हैदराबादला शिकायला जायचा. राज्य एक झालं आणि सचिवालयात, विद्यापीठांत, वसतिगृहांत, एसटीच्या डेपोत तीन राज्यांची माणसं पहिल्यांदा शेजारी बसली. बोलींवरचे आजचे विनोद बऱ्याच अंशी या शेजारातून आलेले आहेत. पु. ल. देशपांड्यांचं ‘मुंबईकर, पुणेकर की नागपूरकर’ हे भाषण तुम्ही सगळ्यांनी ऐकलेलं असणार. ते इतकं आवडलं, कारण ऐकणाऱ्याला तिन्ही माणसं तोवर ओळखीची झाली होती.

शब्दांचे घोटाळे तर विचारूच नका. आमच्याकडे ‘वावर’ म्हणजे शेत. पुण्यात वावर म्हणजे येणं-जाणं. “माझा वावर नदीकाठी आहे” असं आमचा शेतकरी म्हणाला की पुणेकराला वाटतं हा फिरायला जातो. ‘जांब’ मागितला तर पेरू मिळायला हवा, तो मिळत नाही. सोलापूरकडे ‘माळवं’ आणायला सांगतात ती भाजी. आणि ‘कोरड्यास’ म्हणजे पातळ कालवण! कोरड्या भाकरीबरोबर खायचं म्हणून कोरड्यास. जळगावचा माणूस ‘डोया’ म्हणतो तो डोळाच, ळ चा य होतो. मालवणात ‘झील’ म्हणजे मुलगा.

दोन प्रकारचं हसणं

सगळं हसणं वाईट, असं मला म्हणायचं नाही. नाटक-सिनेमात बघा. वर्षानुवर्षं नायक-नायिका पुस्तकी बोलायचे आणि गडी, मोलकरीण, हवालदार गावाकडचं. गड्याच्या तोंडी साधी माहिती दिली तरी प्रेक्षक हसायचा, कारण तो हसण्यासाठीच ठेवलेला. ही रीत जुनी आहे. संस्कृत नाटकातही राजा संस्कृत बोलतो आणि सेवक, बहुतेक स्त्रिया प्राकृत बोलतात.

मग १९८० साली ‘वस्त्रहरण’ आलं. गंगाराम गवाणकरांचं नाटक, मच्छिंद्र कांबळी समोर. अख्खं नाटक मालवणीत. गावातली मंडळी महाभारताचं नाटक बसवताहेत आणि ते कोसळतंय, एवढीच गोष्ट. इथे मालवणी कोण बोलतंय? सगळेच. हसणारे कोण? गिरणगावात कोकणातून आलेली किती माणसं होती हे सांगायला नको. परळ-लालबागच्या चाळीत राहणारा माणूस, जो कचेरीत साहेबापुढे मालवणी चुकून तोंडातून निघू नये म्हणून जपायचा, तो थिएटरात पैसे देऊन, बायकामुलांसकट, स्वतःच्या बोलीवर मोकळा हसला. आणि शेजारी बसलेल्या पुणेकराला तो शब्द समजावून सांगत होता. त्या नाटकाचे पुढे हजारो प्रयोग झाले, ते लंडनलाही गेलं.

त्याच सुमारास लक्ष्मण देशपांडे ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ करत होते. नावामुळे पुष्कळांना ते वऱ्हाडी बोलीतलं वाटतं. नाही. तिथलं ‘वऱ्हाड’ लग्नाचं आणि भाषा मराठवाड्याची. एकटा माणूस पन्नासहून जास्त पात्रं उभी करायचा. त्यांच्या गावाकडच्या माणसांना आपण हसतो, पण ती कुठे मूर्ख वाटत नाहीत.

त्याच्याही आधी, १९५२ साली बहिणाबाई चौधरींच्या कविता पुस्तकरूपानं आल्या. त्या जळगावजवळच्या आसोद्याच्या. १९५१ मध्ये वारल्या. लिहिता-वाचता येत नव्हतं. मुलगा सोपानदेव यांच्याकडे त्या रचना होत्या, त्यांनी त्या अत्र्यांना दाखवल्या आणि अत्र्यांनी प्रस्तावना लिहून त्या महाराष्ट्रापुढे ठेवल्या. मग त्या शाळेच्या पुस्तकात गेल्या. ज्या बोलीत उत्तर लिहिलं तर गुण कापले जातात, त्याच बोलीतली कविता पाठ केली तर गुण मिळतात, असा आपला कारभार आहे. पण तेवढ्यानंही खानदेशातल्या कितीतरी मुलांना पहिल्यांदा वाटलं की आपल्या आजीसारखं बोलणारं कुणीतरी पुस्तकात आहे.

परत मेसमध्ये

आता शेवटाकडे येतो. सांबारची गोष्ट मी हसत सांगितली. तिची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय हे व्याख्यान खरं होणार नाही.

त्याच वर्षी एका तासाला शिक्षकांनी विचारलं, “लिहिलं का?” मी म्हणालो, “लिहून राहिलो सर.” ते थांबले. म्हणाले, “परत म्हण.” मी परत म्हणालो. “सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हण.” वर्ग हसला, तेही हसले. ते वाईट गृहस्थ नव्हते, नंतर त्यांनी मला पुस्तकंही दिली. त्यांना ती गंमतच वाटली असणार. पण त्या दिवसानंतर वर्षभर मी वर्गात ‘हजर’ एवढा एकच शब्द बोललो. तोही फारसीतून आलेला. (हशा) उत्तर येत असायचं. मी ते मनात आधी त्यांच्या मराठीत बसवून बघायचो, तोवर दुसरा कुणीतरी सांगून मोकळा व्हायचा.

मग मी शिकलो. वर्षभरात इतका शिकलो की माझ्या बोलण्यावरून कुणाला अकोला कळेना. दिवाळीनंतर माझी आई मला भेटायला आली. फाटकापाशी उभी राहून तिनं मोठ्यानं विचारलं, “कसा आहे रे बाप्पा? बराबर जेवून राहिला ना?” मागे मुलं उभी होती. मी म्हणालो, “हो आई, जेवतोय मी. तू आत चल.” घरी मी तिला जन्मभर ‘माय’ म्हणत आलो होतो. त्या दिवशी ‘आई’ म्हणालो. ती काही बोलली नाही. दिवसभर फार कमी बोलली. मला वाटलं, प्रवासानं दमली. संध्याकाळी स्टँडवर गाडीत बसताना म्हणाली, “तू तं आता आमच्यासंगं पावन्यावानी बोलतं.”

पाहुण्यासारखा. ती रागावलेली नव्हती, तिनं फक्त नोंद केली. माझ्यावर जे हसले त्यांच्याबद्दल मला आज काही वाटत नाही. पण त्या दिवशी ती दिवसभर गप्प होती ती माझ्यामुळे. तिच्या लक्षात आलं होतं की आपण बोललो की पोराची मान खाली जाते. ते मला आजही लागतं.

म्हणून सांगतो. ‘खंय’ ऐकून हसू आलं तर हसा. पण हसून झाल्यावर समोरच्याला विचारा, हा शब्द काय आहे, आणखी कशाला वापरता, तुमच्या आजी काय म्हणायच्या. तो बोलायला लागला तर तुमचं हसणं ठीक होतं. तो गप्प झाला तर ठीक नव्हतं. एवढी एकच कसोटी मी वापरतो.



श्रोत्यांचे प्रश्न

*प्रश्न : मग शाळेत प्रमाण मराठी शिकवूच नये का? ज्याच्या त्याच्या बोलीत शिकवायचं तर राज्य कसं चालेल?*

शिकवलीच पाहिजे. मी आज इथे ज्या मराठीत बोललो ती मला शाळेनं आणि पुण्यानं दिली, म्हणून नांदेडच्या आणि सावंतवाडीच्या माणसाला माझं बोलणं एकाच वेळी कळतं. कायदा, बातमी, पाठ्यपुस्तक यांना एक सामाईक रूप लागतं. माझं म्हणणं इतकंच आहे की पहिलीतलं पोर ‘मले पानी पाह्यजे’ म्हणालं तर त्याला आधी पाणी द्यावं. (टाळ्या) मग सांगावं, हेच पुस्तकात ‘मला पाणी पाहिजे’ असं लिहितात. ‘तुझं चुकलं’ आणि ‘पुस्तकात असं लिहितात’ या दोन वाक्यांत फार फरक आहे. शिक्षकाची बदली मेळघाटात किंवा नंदुरबारला झाली तर तिथले दोनशे रोजचे शब्द त्यानं आधी शिकून घ्यावेत. डॉक्टरांनीही. कुठे, काय आणि कसं दुखतंय हे रोगी त्याच्याच शब्दांत सांगणार.

*प्रश्न (ऑनलाइन) : मी कोल्हापूरची. आमच्याकडे मुली ‘मी आलो’, ‘मी जातो’ म्हणतात. पुण्यात नोकरीला आल्यापासून रोज यावर कुणीतरी हसतं. हे आमचं चुकतंच ना?*

ताई, चूक अजिबात नाही. तुमच्या शेजारी कन्नड आहे. कन्नडमध्ये ‘मी आलो’ आणि ‘मी आले’ असा भेद क्रियापदात नाहीच, बाई आणि बाप्या दोघांनाही एकच रूप. अक्का, अण्णा, आप्पा हे तुमच्याकडचे शब्द त्याच शेजारातून आलेले. एवढं देणंघेणं जिथे शेकडो वर्षं चाललंय, तिथे बोलण्याची घडणही शेजाऱ्याच्या जवळ जाते. आमच्या ‘करून राहिलो’सारखंच. आणि आणखी एक. इंग्रजीतही बाई आणि पुरुष ‘मी आलो’ एकाच रूपात म्हणतात, तिथे तुमच्या ऑफिसात कुणी हसत नाही. पुढच्या वेळी कुणी हसलं तर त्यांना हे सांगा. आणि सांगताना ‘मी सांगतो’ असंच म्हणा.

(हशा आणि टाळ्या)

डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी मिळून मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण केलंय, ते इंटरनेटवर खुलं आहे. एकाच वस्तूला कुठल्या जिल्ह्यात काय म्हणतात हे त्यात नकाशावर दिसतं, माणसांचे आवाजही ऐकता येतात. आज घरी गेल्यावर आपला जिल्हा उघडून बघा. आणि घरात कुणी म्हातारं माणूस असेल तर त्याला शेजारी घेऊन बसा. त्या नकाशात नसलेले चार शब्द ते तुम्हाला तिथल्या तिथे सांगतील.